अब्दुल करीम खाँसाहेबांचा ‘च’ ऐकू यायला हवा : ७८ च्या रेकॉर्डी नीट वाजवण्याची रीत

किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी मी पहिल्यांदा ऐकली ती कॅसेटवर, तीही कॉपीवरून केलेल्या कॉपीवर. आवाज घोंगडीखालून यावा तसा यायचा. ‘पिया बिन नाही आवत चैन’ मधल्या ‘चैन’चा ‘च’ कुठे लागतच नव्हता. जिभेचा टाळूला झालेला स्पर्श कोणीतरी पुसून टाकल्यासारखा वाटायचा. पुढे पंधराएक वर्षांनी ओडिऑन कंपनीची तीच तबकडी, मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची रेकॉर्ड, एका संग्राहकाच्या घरी ऐकली. धुतलेली, योग्य सुईखाली, योग्य वेगात. ‘च’ लख्ख होता. ओळ उचलण्यापूर्वी घेतलेला श्वास होता. खरखरही होती, पण ती खिडकीबाहेरच्या पावसासारखी बाजूला राहिली आणि गाणं समोर आलं.

ही रेकॉर्ड १९३० च्या दशकाच्या मध्यातली, म्हणजे आज नव्वदीच्या घरातली. तो ‘च’ तिच्यात पहिल्या दिवसापासून होता. हरवला तो वाजवणाऱ्यांच्या हातून. ‘जुनं रेकॉर्डिंग, आवाज असाच असणार’ असं आपण फार लवकर म्हणून मोकळे होतो. माझा अनुभव असा की दहातल्या सात तबकड्यांमध्ये आपण ऐकलेल्यापेक्षा कितीतरी जास्त गाणं शिल्लक असतं. ते बाहेर कसं काढायचं, हे मी करतो त्याच क्रमाने पुढे लिहितो आहे. घरात माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्डी पडून असतील तर एवढं वाचल्याशिवाय त्यांना हात लावू नका, एवढी एकच विनंती.

आधी हातात काय आहे ते ओळखा

भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ च्या नोव्हेंबरात, कोलकात्यात. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने हॉटेलच्या खोलीत सामान मांडून गौहर जान आणि इतरांची गाणी मुद्रित केली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाने पडदा थरथरायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणावर खाच कोरायची. ही मेणाची मूळ तबकडी बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिथे रेकॉर्डी छापल्या जायच्या. गाण्याच्या शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’ अशी जी घोषणा ऐकू येते, ती गाणारा कोण हे तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला आणि हा द्राविडी प्राणायाम संपला.

कर्ण्याच्या या पद्धतीत साधारण २०० ते २,००० हर्ट्झ, फार तर त्याच्या थोडं वर, एवढाच पट्टा पकडला जाई. गळा त्यात बऱ्यापैकी येतो, तबला टिचकीसारखा वाजतो आणि तंबोरा जवळजवळ नाहीसा होतो. ‘स’, ‘च’, ‘छ’ या वर्णांची धार ३,००० हर्ट्झच्या वर असते, त्यामुळे ती इथे मिळणारच नाही. नसलेली गोष्ट यंत्राने आणता येत नाही.

१९२५ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकची विजेवरची पद्धत आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती आपल्याकडे पोचली. मायक्रोफोन, ॲम्प्लिफायर आणि विजेवर चालणारी कोरणी आली. पट्टा ५,००० हर्ट्झच्या पुढे गेला. खाँसाहेबांनी १९०४-०५ च्या सुमारास कर्ण्यासमोर गाऊन ठेवलं आहे आणि तीस वर्षांनी ओडिऑनसाठी मायक्रोफोनसमोरही. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा. पहिल्यात आवाज तरुण, पण भिंतीपलीकडचा. दुसऱ्यात वय साठीच्या पुढे गेलेलं, पण माणूस आपल्या शेजारी बसलेला. तंत्राने काय बदललं हे समजायला यापेक्षा चांगला धडा मला ठाऊक नाही.

तबकडी हातात घेऊन हे ओळखायचं कसं? एकाच बाजूला गाणं आणि मागची बाजू कोरी असेल तर ती कर्ण्याच्या काळातली. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत काळ्या पट्टीवर भिंगातून पाहा, तिथे कोरलेला क्रमांक दिसेल. त्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात आणि तो पुढेही कामाला येणार आहे. एचएमव्हीच्या तबकडीवर त्या क्रमांकानंतर बारीक त्रिकोण असेल तर मुद्रण वेस्टर्न इलेक्ट्रिक पद्धतीचं. चौकोन असेल तर ॲलन ब्लमलाइनने तयार केलेल्या नंतरच्या पद्धतीचं, जी १९३१ पासून वापरात आली. कोलंबियावर वर्तुळातला डब्ल्यू किंवा वर्तुळातला सी हेच सांगतो.

तिसरा प्रकार लोक सर्रास दुर्लक्षित करतात. पश्चिमेत एलपी (हळू फिरणारी, व्हिनाइलची तबकडी) आल्यावर ७८ ची तबकडी मागे पडली, पण आपल्याकडे ती १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत छापली जात होती. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर निघाली. म्हणजे १९५५ ते १९६५ मधली भावगीतं, नाट्यगीतं आणि सिनेमाची गाणी मुद्रित झाली टेपवर आणि मिळतात लाखेच्या तबकडीवर. टेपमध्ये केवढी ताकद होती याचा एकच दाखला देतो. १९४४-४५ च्या सुमारास बर्लिनच्या रेडिओवर वाल्टर गीझेकिंगने वाजवलेला बेथोव्हनचा पाचवा पियानो कॉन्चेर्टो स्टिरिओ टेपवर मुद्रित झाला. तो आजही उपलब्ध आहे आणि पहिल्या भागातल्या हळू जागांत मागे विमानविरोधी तोफांचे आवाज ऐकू येतात. आपल्या पन्नाशीतल्या ७८ मध्ये स्टिरिओ नाही, पण त्यांचा आवाज दाट आणि भरलेला असतो, आणि रद्दीच्या भावात मिळत असल्याने त्यांच्याकडे कोणी बघत नाही. नवशिक्याने सुरुवात यांच्यापासूनच करावी. हात बसेपर्यंत दुर्मीळ तबकडीला सुई लावू नये.

विकत घेताना

पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईचा चोरबाजार, सोबत छोटा टॉर्च न्या. तबकडी तिरपी धरून प्रकाश जवळजवळ आडवा पाडा. खाचा काळ्याभोर चमकल्या तर उत्तम. राखाडी पट्टे दिसले तर तिथे पोलादी सुईने भिंती खरवडल्या आहेत. असे पट्टे बहुधा गाण्यातल्या चढ्या जागांवर आणि लेबलाजवळच्या शेवटच्या इंचात असतात. तिथला आवाज फाटणार, आणि त्यावर उपाय फारसा नाही. ओरखडा मात्र दिसतो तेवढा वाईट नसतो. एका ओरखड्याचे फेऱ्यागणिक एक असे ‘टक्’ येतात आणि ते संगणकावर सहज निघतात. चकचकीत पण ओरखडलेली आणि बिनओरखड्याची पण राखाडी अशा दोन तबकड्या समोर असतील तर मी डोळे मिटून पहिली घेतो.

मग भोकात बोट घालून तबकडी लोंबकळती धरा आणि नखाने कडेला हलकी टिचकी मारा. अखंड लाख खणखणते. तडा असेल तर बद्द आवाज येतो. मडकं घेताना आपण जे करतो तेच हे. एकाच गाण्याच्या दोन प्रती मिळाल्या तर दोन्ही घ्या, कारण झीज वेगवेगळ्या जागी असते.

घरी नेताना तबकड्या उभ्या ठेवा. बंद गाडीत उन्हात ठेवल्या की त्या पापडासारख्या वाकतात.

धुणं

इथे मी एक तबकडी कायमची घालवली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. एलपी पुसण्याचं द्रव घरात होतं, ते मी एका जुन्या नाट्यगीताच्या रेकॉर्डवर शिंपडलं. फडकं फिरवलं तर काळं होऊन आलं. मळ निघतोय म्हणून मी आनंदाने आणखी घासलं. तो मळ नव्हता, ती रेकॉर्ड होती. त्या द्रवात अल्कोहोल होतं आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, लाकडाच्या पॉलिशसाठी सुतार लाखदाणा स्पिरिटमध्ये भिजवतात ती हीच लाख. ७८ ची तबकडी म्हणजे साधारण पाव ते एक तृतीयांश लाख आणि बाकी दगडाची पूड, काजळी, थोडे सुती तंतू. तेव्हा स्पिरिट, सॅनिटायझर, पडदे पुसण्याचे फवारे, एलपीची तयार द्रवं यांतलं काहीही लावायचं नाही. बाटलीवर ‘आयसोप्रोपिल’ असा शब्द असेल तर ती बाटली ७८ च्या खोलीतच नको.

लागतं ते एवढंच. डिस्टिल्ड वॉटर (गॅरेजमध्ये बॅटरीत भरायला मिळतं ते, पण ॲसिड नव्हे, डबा वाचून घ्या), लहान मुलांचा शांपू, दाढीचा मऊ ब्रश आणि दोन मायक्रोफायबरची फडकी. लिटरभर पाण्यात शांपूचे दोन-तीन थेंब पुरतात, फेस काढायचा नाही. तबकडी टॉवेलवर आडवी ठेवा. लेबलावर त्याच मापाची प्लॅस्टिकची बशी पालथी दाबून धरा. लेबल भिजलं की रंग पसरतो आणि क्रमांक जातो, मग ती रेकॉर्ड कोणाची हेसुद्धा कळत नाही. ब्रश पाण्यात बुडवून खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल फिरवा. आडवा कधीच नाही. दुसऱ्या फडक्याने लगेच टिपा, मग नुसत्या पाण्याने हेच परत करा आणि शेवटी कोरड्या फडक्याने. भांडी निथळायच्या जाळीत तासभर सावलीत उभी ठेवा. पंखा चालेल, ऊन नको.

भिजत घालून ठेवायची नाही. विशेषतः कोलंबियाच्या तबकड्या थरांच्या असतात, आत कागदाचा गाभा असतो. कडेला बारीक तडा असेल तर पाणी आत शिरतं, गाभा फुगतो आणि वरचा थर सुटतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत पावसाळ्यानंतर रेकॉर्डींवर पांढरी बुरशी येते, ती याच रीतीने जाते, दोनदा धुवावं लागतं. पण पांढरा तेलकट थर आलेली आणि कडेला धातू दिसणारी तबकडी सापडली तर ती लाखेची नाही. स्टुडिओत किंवा रेडिओ केंद्रात ॲल्युमिनियमवर लेप देऊन केलेली ती एकुलती एक प्रत असू शकते. तिला पाणी लावू नका, सुईही लावू नका, जाणकाराकडे न्या. मुंबईची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था १९९० पासून काम करते आहे. त्यांच्या वर्तुळात असे जाणकार भेटतात.

पहिल्यांदा धुतल्यावर फडक्यावर जो काळपट-तांबूस चिखल येतो तो पाहिला की कळतं, आपण आजवर रेकॉर्ड नाही, धूळ वाजवत होतो.

सुई : निम्मी लढाई इथेच

चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुई असते आणि तिच्यावर साउंडबॉक्सचं शंभर ग्रॅमहून जास्त वजन. तबकडीतली दगडाची पूड त्या सुईला घासून खाचेच्या मापाची करते. म्हणून सुई एका बाजूपुरतीच असते. कुत्र्याचं चित्र असलेल्या त्या सुंदर डब्यांतून दर बाजूला नवी सुई काढायची हा नियम होता, आणि काटकसरी घरांतून तो पाळला गेला नाही. आज दिसणारे राखाडी पट्टे ही त्याच काटकसरीची खूण. चावीचा ग्रामोफोन जरूर जपा, पाहुण्यांना ऐकवा, पण त्यावर साध्या, मुबलक मिळणाऱ्या रेकॉर्डीच वाजवा आणि दर बाजूला सुई बदला.

गांभीर्याने ऐकायचं तर ७८ चा वेग असलेलं विजेवरचं टर्नटेबल हवं आणि त्यावर ७८ चीच स्टायलस, म्हणजे सुई. हे ‘च’ वर जोर देऊन लिहितो आहे. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या १८ ते २५ मायक्रॉन असते, ७८ च्या सुईची साधारण ७५, म्हणजे ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची सुई ७८ च्या खाचेत टाकली की ती तळाला जाऊन बसते. तळात असते धूळ आणि झिजलेल्या लाखेचा चुरा. गाणं असतं भिंतींवर, तिथे ती पोचतच नाही. लोक ज्याला ‘जुन्या रेकॉर्डची खरखर’ म्हणतात तिच्यातला मोठा वाटा या एका चुकीचा आहे. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५एसपी किंवा ऑर्टोफॉनची २एम ७८ अशी तयार कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डोकी, मिळतात. सुईवरचं वजन कंपनीने सांगितलं असेल तेवढंच ठेवा. कमी वजनाने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते.

याच्या पुढची पायरी म्हणजे वेगवेगळ्या मापांच्या सुया. पोलादी सुईने भिंत एका ठरावीक उंचीवर झिजवलेली असते. थोडी जाड सुई त्या झिजलेल्या पट्ट्याच्या वर टेकते, थोडी बारीक सुई खाली. इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाच्या ७८ च्या प्रकल्पात म्हणूनच एकाच तबकडीवर चार टोनआर्म (सुईचे दांडे) लावून २.३, २.८, ३.३ आणि ३.८ मिल अशा चार सुयांनी एकदम मुद्रण केलं गेलं. आपल्याकडे चार आर्म नसतात, पण दोन सुया असू शकतात. माझ्याकडच्या एका भावगीताच्या तबकडीत ३ मिलच्या सुईखाली तार षड्ज दर वेळी फाटायचा. साडेतीनची सुई लावली आणि तोच षड्ज गोल, अखंड उभा राहिला. रेकॉर्ड तीच, फेरा तोच, स्पर्श सुईच्या टोकाच्या केसभर वर झाला इतकंच. ज्या दिवशी हे होतं त्या दिवशी माणूस या नादाला कायमचा लागतो.

एक छोटी गोष्ट. ७८ ची खाच मोनो असते आणि तिच्यातली माहिती फक्त आडव्या हालचालीत असते. सुईची उभी हालचाल म्हणजे निव्वळ खरखर. ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा, बरीचशी खरखर तिथेच कापली जाते.

वेग, म्हणजेच सूर

७८ हा आकडा सगळ्या तबकड्यांना लागू पडत नाही. विजेवरचं मुद्रण स्थिरावल्यानंतरच्या तबकड्यांना तो बहुतेक चालतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर, ७७ रेघांच्या स्ट्रोब चकतीने (दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर) मोजला तर नेमका ७७.९२ येतो. पण कर्ण्याच्या काळात यंत्र वजनावर किंवा चावीवर फिरायचं आणि प्रत्यक्ष वेग सत्तरीपासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठेही असे. वेगातला सुमारे ६ टक्के फरक म्हणजे पेटीवरची पुरी एक पट्टी, काळी एकऐवजी पांढरी दोन. ७४ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर लावली की सूर जवळजवळ एका पट्टीने चढतो आणि तान धावपळीची होते. ‘जुन्या काळी बुवा फार पातळ आवाजात गात’ असं मत पुष्कळांनी अशा चुकीच्या वेगांवरून बनवलं आहे. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो त्या गायकांवर अन्याय आहे.

मी वेग असा ठरवतो. आधी ७८ वर लावून पेटीवर षड्ज शोधायचा. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळत असेल तर वेग चुकला असण्याची शक्यता मोठी, कारण साथीला पेटी असेल तर षड्ज कुठल्या तरी पट्टीवर बसलेला असणार. (त्या काळच्या पेट्या आजच्या मापाला तंतोतंत जुळत नसत, म्हणून थोडी सूट ठेवायची.) मग त्याच कलाकाराची, जवळच्या मॅट्रिक्स क्रमांकाची दुसरी तबकडी काढायची. लागोपाठचे क्रमांक बहुधा एकाच बैठकीतले, आणि एका बैठकीत गायक सहसा पट्टी बदलत नाही. दोन्हींचा षड्ज एकाच जागी येईपर्यंत वेग मागेपुढे करायचा. शेवटी घोषणा ऐकायची. गाणं उंच-खाली कितीही असू शकतं, पण बोलणारा माणूस माणसासारखाच वाटला पाहिजे. शेवटचे ते दोन सेकंद वेग ठरवायला फार उपयोगाचे असतात, ते कापून टाकू नका.

टर्नटेबलला ७८ नसेल तर तबकडी ४५ वर फिरवून संगणकावर घ्या आणि मग वेग ७३.३३ टक्के वाढवा. निकाल बरा येतो, सुईला वाकड्या तबकडीवर चालणंही सोपं जातं. फक्त पुढचं ईक्यूचं, म्हणजे आवाजातला खालचा बेस आणि वरचा ट्रेबल कमीजास्त करण्याचं काम वेग वाढवल्यानंतर करायचं.

‘च’ जातो तो इथे

एलपीसाठी १९५४ मध्ये आरआयएए नावाचं प्रमाण ठरलं. कोरताना बेस दाबायचा आणि ट्रेबल उचलायचा, वाजवताना फोनो प्रीॲम्पने (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राने) त्याच्या बरोब्बर उलट करायचं. आजचा प्रत्येक प्रीॲम्प हे करतो. ७८ च्या बहुतेक तबकड्यांत बेस दाबलेला असतो पण ट्रेबल असा उचललेला नसतो. प्रीॲम्पला ते ठाऊक नाही. तो न उचललेला ट्रेबलही इमानाने खाली आणतो, ५,००० हर्ट्झला ८ डेसिबल, १०,००० ला जवळजवळ १४. माझ्या कॅसेटवरची घोंगडी ती हीच. वर बेस गरजेपेक्षा फुगतो, म्हणून आवाज घुमट होतो.

उपाय फुकट आहे. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वक्र आखता येतो. एचएमव्ही-कोलंबियाच्या विजेवरच्या तबकड्यांसाठी, आरआयएए प्रीॲम्पमधून घेतलेल्या फाइलवर मी हे बिंदू मांडतो : १०० हर्ट्झला ५ डेसिबल खाली, २५० ला ४ खाली, ५०० ला २ खाली, १,००० ला शून्य, २,००० ला अडीच वर, ३,००० ला साडेचार वर, ५,००० ला ८ वर. त्याच्यापुढे किती उचलायचं ते कान ठरवतो. ६-७ हजारांनंतर गाणं संपून नुसती सळसळ उरली आहे असं वाटलं की तिथून उतार द्या. कर्ण्याच्या तबकड्यांना ही मापं लावू नका, तिथे ३,००० च्या वर उचलण्यासारखं काही नाही.

पहिल्यांदा हे केलं की खरखर वाढल्यासारखी वाटेल. वाढते, खरंच. घाबरून परत खाली आणू नका. पाच मिनिटं ऐका. मेंदू खरखर बाजूला काढायला शिकतो, पण जो ‘च’ कापला गेला तो मेंदूला परत आणता येत नाही.

संगणकावर घेताना

९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. निदान ४८ आणि २४. एमपीथ्रीमध्ये थेट घेऊ नका. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा ‘टक्’सुद्धा वरच्या रेषेला लागणार नाही. फाइल स्टिरिओच घ्या, कारण कधी कधी खाचेची एकच भिंत झिजलेली असते आणि डावा किंवा उजवा कान एकटाच जास्त स्वच्छ निघतो. मोनो नंतर करता येतं. ही मूळ फाइल कधीही बदलायची नाही, काम तिच्या प्रतीवर.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी टकटक काढायची, मग ईक्यू. टक् मुळात टोकदार आणि क्षणिक असतो, सॉफ्टवेअरला पटकन दिसतो. ईक्यू आधी केलं की तो पसरतो आणि सुरात मिसळतो. मोठे टक् मी हाताने, एकेक करून काढतो. साडेतीन मिनिटांच्या तबकडीला संध्याकाळ जाते, पण तबल्याची ‘ता’ ओरखडा समजून कापली जात नाही. सॉफ्टवेअर हे सर्रास करतं.

आणि नॉइज रिडक्शन. याबद्दल माझं मत कडक आहे. खरखर ४ ते ६ डेसिबलने कमी करा, त्याच्यापुढे हात आखडा. १५-२० डेसिबल काढलं की गायक पाण्याखाली गेल्यासारखा होतो, स्वर संपतो तिथे बुडबुडे येतात आणि तंबोऱ्याची आस खरखरीबरोबर वाहून जाते. आपल्या संगीतात दोन स्वरांमधली जागा रिकामी नसते, तिथे तंबोरा असतो, मींड असते. शांतता निर्माण करायच्या नादात तीच मारली जाते. बाजारात जुन्या गायकांच्या ‘स्वच्छ केलेल्या’ आवृत्त्या निघतात त्यांतल्या पुष्कळ मला ऐकवत नाहीत त्या याचमुळे. तयार फाइल निवडायची असेल तेव्हाही हाच निकष लावा. दोन आवृत्त्या असतील तर खरखर असलेली, पण व्यंजनं स्पष्ट असलेली घ्या.

फाइल इतरांना देण्याआधी एवढं बघा : भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्व हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण काव्य आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. दोन्ही तारखा तपासाव्या लागतात.

नोंद

१९७७ मध्ये व्हॉएजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अंतराळात गेली. तिच्यात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. ती पाठवणाऱ्यांनी तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुईही पाठवली. झाकणावर सुई कुठे टेकवायची त्याचं चित्र कोरलं आणि एका फेऱ्याला किती वेळ लागला पाहिजे तेही, ३.६ सेकंद. ऐकणारा कोण असेल याची काहीच खात्री नव्हती, म्हणून त्यांनी सुई आणि वेग या दोन गोष्टी गृहीत धरल्या नाहीत.

आपणही प्रत्येक फाइलबरोबर साधी मजकुराची फाइल ठेवावी. लेबलाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, कॅटलॉग क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक आणि त्यापुढची खूण, सुईचं माप, वेग आणि तो कशावरून ठरवला, प्रीॲम्प कोणता, ईक्यूचे बिंदू, काय काढलं आणि किती. माझ्या परवाच्या नोंदीत असं आहे : ‘१० इंची, दोन्ही बाजू, दोनदा धुतली. सुई साडेतीन मिल. वेग ७६.८, दुसऱ्या बाजूच्या पेटीवरून. उजवी भिंत जास्त चांगली, तीच घेतली. टक् हाताने. नॉइज रिडक्शन नाही. २ मिनिटे १० सेकंदांनंतर फाटतं, दुसरी प्रत शोधायची.’